लोट्याने ओढलेलं वारं

"आई, आजोबा वाकडे हसून राह्यले!"

साक्षी दारातून ओरडली तेव्हा प्रीतीच्या एका हातात कंगवा होता, दुसऱ्या हातात डबा, आणि शाळेची गाडी कोपऱ्यावर हॉर्नवर हॉर्न देत होती. "मस्करी करून राह्यले असतीन. तू मोजे घाल आधी," ती म्हणाली. तेवढ्यात अंगणात काहीतरी फुटलं. बाहेर येऊन पाहते तर सासऱ्यांचा चहाचा कप फरशीवर, आणि दौलत गुरुजी स्वतःच्या उजव्या हाताकडे असे बघत बसलेले, जणू तो हात शेजाऱ्याचा आहे. "क... कप..." ते म्हणाले. पुढचा शब्द तोंडातच लोळत राहिला. प्रीतीनं घाईघाईनं काचा गोळा केल्या, साक्षीला गाडीत कोंबलं आणि परत आली, तोवर गुरुजी उठून नळावर चूळ भरत होते. हात सरळ, बोलणं स्वच्छ.

"रात्री हातावर झोपलो असन. मुंग्या आल्या. दुसरा चहा टाक बेटा."

तिनं दुसरा चहा टाकला. नवरा विनय उटनूरच्या आश्रमशाळेत मास्तर, पंधरवड्यानं घरी येणारा. त्याला फोन करावा असं एकदा मनात आलं. पण सांगायचं काय? कप फुटला म्हणून? तो विषय तिनं तिथंच सोडला. पण पोरीचं ते 'वाकडे हसून' चपलेत खडा गेल्यासारखं दिवसभर टोचत राहिलं.

ही बुधवारची गोष्ट. आता रविवारकडे या.

रविवारी तेलंगणातल्या बोथजवळ, हायवेपलीकडच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात पाय ठेवायला जागा नव्हती. माहूर, किनवटकडून जीपगाड्या आल्या होत्या, इंद्रवेल्लीकडून ऑटो. कोणी आईला पाठुंगळी घेऊन आलेलं, कोणी बापाला बाजेवर. बाहेर भज्यांच्या कढया चढल्या होत्या. भोंग्यावर मराठी, तेलुगू आणि हिंदी असं तिन्ही एकाच वाक्यात चाललं होतं. आणि आत, शेडाच्या मधोमध, जिथं पूर्वी कापसाचे ढीग पडत तिथं, भगव्या लुंगीतले लोटेवाले महाराज लकव्याचं वारं काढत होते.

महाराजांचं नाव रामाजी. मागच्या उन्हाळ्यापर्यंत हे नाव या भागात कोणी ऐकलेलं नव्हतं. आता रिक्षामागे त्यांचा फोटो होता.

"वारं हाय हे, वारं!" महाराज गरजले. "शहरात नेता, मशिनीत घालता, फोटो काढता. अरे, वाऱ्याचा फोटो येते का? कोनी पाह्यला का वाऱ्याचा फोटो?"

"नाई महाराज!"

"मंग वाऱ्याले कोन धरीन?"

"लोटा!"

समोर झोपवलेल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर त्यांनी तेल चोळलं. पितळी लोट्यात कापसाचा बोळा टाकला, बोळ्यावर कापूर, कापराला काडी. लोट्यातून जाळ निघाला तसा तो गर्रकन उलटा करून म्हाताऱ्याच्या खांद्यावर दाबला. मंत्र पुटपुटले. हात काढला. लोटा पडेना! महाराजांनी तो हलवला, म्हाताऱ्याचं कातडं लोट्याबरोबर वर ओढलं गेलं, पण लोटा सुटेना.

"धरलं! वारं धरलं!"

शेड दणाणला. बायांनी हात जोडले. मग महाराजांनी बोट घालून लोटा उचकला. फट् असा आवाज झाला आणि खांद्यावर लालभडक गोल उमटला. "हा पाहा वाऱ्याचा दात. चावून बसला होता आतमंदी."

म्हाताऱ्याचा हात काही हलला नाही. पण त्यावरही महाराजांकडे उत्तर तयार होतं. उशिरा आणलं. पथ्य मोडलं. नाहीच काही जमलं तर, "घरात कोनाचा तरी इस्वास नाई." घरचे एकमेकांकडे संशयानं बघत म्हाताऱ्याला उचलून बाहेर नेत. जो बरा होई तो महाराजांमुळे, जो बरा होत नसे तो घरच्यांमुळे. असा धंदा दुसऱ्या कुठल्या दुकानात चालला असता?

प्रीती खांबाला टेकून उभी होती. इथं यायची तिची इच्छा नव्हती. पण गुरुजी एकटेच निघाले होते, पिशवीत स्वतःचा लोटा आणि कापराची डबी घेऊन. आणि बुधवारपासून त्यांना एकटं सोडायला तिचं मन होत नव्हतं. तिनं मुकाट्यानं स्कुटी काढली होती. वाटेत दोनदा तिनं विचारलं, "मामाजी, धरून बसले ना?" आणि दोन्ही वेळा गुरुजी वैतागले, "मी काय लहान लेकरू हाव का?"

गुरुजींचा राग महाराजांवर कमी, चंपतरावांवर जास्त होता. चंपतराव म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. शेजारच्या गावात कापूस-ज्वारी पिकवणारा, दर बाजाराच्या दिवशी गुरुजींकडे चहाला येणारा. महिन्याभरापूर्वी शेतात कापूस वेचताना चंपतरावांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. बायको विमलबाईनं ऑटोत घालून इथं आणलं, महाराजांनी लोटा लावला आणि चंपतरावांनी सगळ्यांसमोर हात वर केला! त्या दिवसापासून ते महाराजांचे चालतेबोलते पोस्टर झाले होते. दर रविवारी स्टेजवर उभे राहून साक्ष देत. पथ्य म्हणून त्यांनी बीपीची गोळी बंद केली होती, कारण 'इंग्रजी दवा पाह्यली की वारं परत फिरते.'

"चंपत मॅट्रिक झाला माह्यासंगं," गुरुजी म्हणाले होते, "अन् आता लोट्यापुढं हात जोडते. लाज नाई वाटत?"

पुढचा रोगी यायच्या आत गुरुजी उठले. तोंडातल्या खर्ऱ्याची, तंबाखू-सुपारीची, पिचकारी भिंतीकडे टाकून त्यांनी हाक दिली, "महाराज, मलेबी वारं लागलं. पन मी माह्या लोटा घेऊन आलो. चालन ना?"

लोक हसले. महाराज सावध झाले. गुरुजींनी शर्टाची बटणं सोडली, स्वतःच्याच पोटाला तेल लावलं, बोळा पेटवला आणि लोटा पोटावर दाबला. चिकटला! मग त्यांनी दोन्ही हात सोडून एक गिरकी घेतली, लोटा पोटावर लटकत राहिला. पोरं टाळ्या पिटू लागली.

"मंतर कोनता म्हटला मी? कोनताच नाई. जाळानं लोट्यातली हवा तापते, फुगते, अर्धी बाहेर पळते. लोटा दाबला की जाळ विझते, आतली हवा थंड होऊन आकसते. बाहेरची हवा मंग कातडं आत ढकलते. झालं. सातवीच्या पोराले येते हे! ताटात पानी घ्या, त्यात मेनबत्ती लावा, वरून गिलास उपडा ठेवा. पानी गिलासात चढते. मंग काय पान्याले लकवा होता?"

हशा उसळला. एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, मास्तरच्या पोटात तं लय वारं निंगालं!" महाराजांचा एक चेला गुरुजींच्या अंगावर धावून आला, पण महाराजांनी त्याला हातानं थांबवलं. ते जुने खेळाडू होते. हशा ओसरू दिला. मग हळू, गोड आवाजात म्हणाले,

"गुरुजी, लोटा कोनीबी चिकटवीन. लोटा काय, परातबी चिकटन. पन चंपतरावचा हात कोनं उचलला? तुमच्या सातवीच्या पुस्तकानं?"

सगळ्यांचे डोळे गुरुजींवर. लोटा अजून पोटावर लटकत होता. त्यांना उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर येत नाही हे लोकांना दिसत होतं.

"चंपतराव, या वर!" महाराज ओरडले, आणि भोंगा पुन्हा दणाणला.

चंपतराव फेटा सावरत स्टेजकडे निघाले. विमलबाईनं खांबापाशी उभ्या प्रीतीला हात धरून आपल्या बाजूला बसवलं. "सूनबाई, तुह्या सासऱ्याले काऊन समजत नाई वो? माह्या डोळ्यानं पाह्यलं मी."

"काय पाह्यलं काकू? सगळं सांगा मले. पहिल्यापासून."

"हात पडला ना त्यायचा. झाडाखाली बसवलं. तोंड असं, एका बाजूनं लोंबलेलं. बोलले तं समजेच ना. मी रडूनच राह्यली होती. गावातल्या प्रवीणचा ऑटो आनला, बसवलं, इथं आनलं. उतरताना ते पडतीन म्हनून मी धराले गेली, तं त्यायनंच ऑटोचा दांडा धरला अन् उतरले. मंग महाराजानं लोटा लावला अन्..."

"थांबा. दांडा कोनत्या हातानं धरला?"

"आता कोनत्या... ऑटो असा उभा होता, ते असे उतरले..." विमलबाईनं बसल्या जागी हात करून पाहिला. डावा, मग उजवा. उजवा हात हवेत तसाच राहिला. "याच हातानं धरला वो."

"लोटा लावायच्या आधी?"

"हो... आधीच."

प्रीतीनं मनात जुळवून पाहिलं. ऑटोतून उतरायच्या आधीच हात परत आला होता. लोट्यानं फक्त आलेल्या हाताला हार घातला होता. आणि हा हात, हे तोंड, हे न समजणारं बोलणं तिनं पाहिलं होतं. बुधवारी, अंगणात. कप फुटला होता. तिथंही काही वेळानं सगळं आपोआप परत आलं होतं. तिथं तर महाराज नव्हते, मंत्र नव्हता, कापूर नव्हता.

मग ते काय होतं?

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना मेंदूची आकृती तिनं किती वेळा काढली होती. कुठल्या नळीनं कुठं रक्त जातं ते रंगवलं होतं. साक्षीच्या शाळेत मागच्या महिन्यात दवाखान्याच्या ताई येऊन गेल्या तेव्हा पालकांच्या रांगेत बसून तिनं ऐकलंही होतं: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, की क्षणाचाही वेळ घालवू नका. ऐकून मान हलवली होती. पोरगी घरी येऊन तीन दिवस सगळ्यांना 'हसून दाखवा, हात वर करा, नाव सांगा' करत हिंडत होती. आणि पोरीनं खरोखर ओळखलं तेव्हा आपण म्हणालो, मोजे घाल.

ती उठून उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. आवाज आधी फाटकाच निघाला.

"महाराज! आमच्या घरी बुधवारी हेच झालं. माह्या सासऱ्याचा हात पडला, तोंड वाकडं झालं, अन् चूळ भरेपर्यंत बरंबी झालं. आमच्या घरी कोनी महाराज नव्हता. लोटा होता, पन त्यात प्यायचं पानी होतं!"

पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. गुरुजी मात्र ताडकन वळले. "प्रीती! खाली बस!" आपल्या घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडलेली त्यांना लोट्याच्या जाळापेक्षा जास्त भाजली होती.

महाराजांनी टाळी वाजवली. "पाहा, पाहा! गुरुजीच्याच घरात वारं शिरलं! म्हनून तं म्हनतो, इस्वास ठेवा. चंपतराव, सांगा यायले."

चंपतरावांनी माइक धरला. नेहमीची साक्ष त्यांना तोंडपाठ होती. "भावांनो, मायांनो, मी शेतात कापूस वेचत होतो. माह्या हात पडला. डाक्टरकडे नेलं असतं तं मी आज... मी आज खाटेवर... खाटे... लो... लोट..."

माइक हातातून सुटून स्टेजवर आदळला. भोंगा कर्कश किंचाळला. चंपतराव उजव्या बाजूला कलले. चेल्यांनी सावरून खाली बसवलं. ओठांच्या एका कोपऱ्यातून लाळ आली. ते काहीतरी बोलत होते, जोर लावून बोलत होते, आणि त्यातला एकही शब्द या जगातला नव्हता.

क्षणभर महाराजांचा चेहराही उतरला. पण क्षणभरच.

"देव आला! देव आला अंगात! देवाची भाषा हाय ही! नमस्कार करा!"

आणि लोकांनी केला. माणूस डोळ्यांसमोर आडवा होत होता आणि दोन-तीनशे डोकी त्याच्यापुढे जमिनीला टेकत होती. प्रीती त्या वाकलेल्या पाठी ओलांडत, कोणाच्या तरी हातावर पाय देत स्टेजवर चढली.

"काका! माह्याकडे पाहा. हसून दाखवा. काका, हसा!"

चंपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. अर्धं तोंड हसलं. अर्धं हललंच नाही.

"हात वर करा. दोन्ही."

डावा वर आला. उजवा मांडीवर मेल्यासारखा पडून राहिला.

एक चेला तीर्थाचा तांब्या घेऊन चंपतरावांच्या तोंडाला लावायला आला. प्रीतीनं तांब्या हिसकला. "पानी नका पाजू! गिळता येत नाई त्यायले, ठसका लागून मरतीन!" मग मोबाइल काढून तिनं ॲम्बुलन्सचा एकशेआठ नंबर लावला. पलीकडून तेलुगूत 'एक्कड मॅडम, कुठं?' असं विचारलं गेलं आणि बोथच्या कचेऱ्यांत रांगा लावून शिकलेलं आपलं मोडकं तेलुगू तिनं एका दमात ओतलं. बोथ, हायवे, जिनिंग शेड, लकवा, आत्ता, आत्ताच.

"दवाखान्यात न्याल तं वारं मेंदूत चढन," महाराज विमलबाईला म्हणाले. आवाज खाली आणून, घरच्या माणसासारखं. "मागच्या बारीले हात कोनं उठवला? मीच ना? याही बारीले उठवतो. तू फक्त बसून राहा, माय."

विमलबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं महाराजांकडे पाहिलं, मग प्रीतीकडे. "सूनबाई, इथंच हात उठला तं? मागच्यासारखा?"

प्रीतीला रडू येत होतं, राग येत होता, हायवेकडून सायरन ऐकू येतो का म्हणून कान तिकडे लागले होते. पण उत्तर तिच्या तोंडून सरळ निघालं.

"उठनारा असन तं ॲम्बुलन्समधीबी उठन, काकू. वाटेतबी उठन. मागच्या बारीले ऑटोतच उठला होता, तुमीच सांगतलं मले. पन नाई उठला, तं इथं त्यायचा हात उठवनारा कोनी नाई. दवाखान्यात हाय. अन् तिथं वेळ पाहून सुई देतात. इथं बसलो तं ती वेळ निघून जाईन."

विमलबाईनं पदरानं नवऱ्याची लाळ पुसली. मग त्याच्या दंडावर महाराजांनी बांधलेला लाल दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "उचला यायले."

ॲम्बुलन्स दाराशी येताच उचलायला पहिला हात लावला तो दौलत गुरुजींनी. पोटावरचा लोटा केव्हाच गळून पडला होता. त्याचा लाल गोल मात्र उघड्या शर्टातून दिसत होता.

आदिलाबादच्या दवाखान्यात पहिला प्रश्न हाच आला: शेवटचं नीट कधी बोलले? असं विचारलं की बहुतेक घरचे गोंधळतात, म्हणे. इथं तीनशे साक्षीदार होते, तेही भोंग्यावरून ऐकलेले. तपासणीच्या टेबलावरून चंपतराव थेट मशिनीत गेले. रक्तस्राव नाही, गुठळी आहे, असं दिसलं आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लागलं. वाऱ्याचा फोटो येत नाही हे महाराजांचं खरं होतं. गुठळीनं केलेल्या नासधुशीचा येतो.

बाहेर बाकावर विमलबाई दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती. डॉक्टर हर्षदीप बाहेर आले. तरुण, डोळ्यांखाली काळं. गुरुजींना पाहून ते वाकले. बोथच्या शाळेत याच गुरुजींच्या वर्गात ते शिकले होते.

"वेळेवर आनलं तुम्ही. किती सुधारतील ते उद्या-परवा कळेल. पन गोळी काऊन बंद केली होती?"

विमलबाईनं मान खाली घातली. "मागच्या महिन्यात हात बरा झाला, म्हनून..."

"बरा झाला नव्हता, काकू. मेंदूच्या नळीत गुठळी अडकली होती. त्या बारीले ती आपोआप निघून गेली, म्हनून हात परत आला. कधी कधी जाते अशी. लहान झटका म्हनतात त्याले. पन एकदा असं झालं की मोठा झटका यायची भीती कितीतरी पटीनं वाढते. कोनाले दोन दिवसांत येते, कोनाले महिन्यानं. त्याच दिवशी इथं आनलं असतं, तं आज हे टाळता आलं असतं, बहुतेक."

म्हणजे महाराजांचा चमत्कार हा असा होता. जो हात जाऊन परत येणारच होता त्याचं श्रेय लोट्यानं घेतलं, आणि जो इशारा होता त्याची साक्ष करून टाकली. लोटा चिकटवण्यात कोणाचं काही बिघडलं नसतं. बिघडलं ते 'आता बरं झालं' म्हणण्यात.

आणि ते तर आपणही म्हणालो होतो, प्रीतीच्या मनात आलं. तेही लोट्याशिवाय, महाराजांशिवाय.

"सर," प्रीती म्हणाली. "आमच्या मामाजींना बुधवारी असंच झालं. त्यांना पन तपासा."

"मले काई झालं नाई!" गुरुजी उठले. "हातावर झोपलो होतो. मी काय चंपत हाव का, लोट्याले मानणारा? मले सगळं माहीत हाय या बिमारीचं."

"मामाजी," प्रीतीचा आवाज चढला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. "चंपतकाका म्हनले महाराजानं बरं केलं. तुमी म्हनले मुंग्या आल्या. दोघंबी दवाखान्यात नाई आले. फरक काय राह्यला मंग?"

गुरुजी हळूच स्टुलावर बसले आणि त्यांनी बाही वर केली.

नर्सनं पट्टा बांधला, आकडा पाहिला, दुसऱ्या हातावर परत बांधला. हृदयाची पट्टी, ईसीजी, काढली तेव्हा डॉक्टर हर्षदीप बराच वेळ ती पट्टी पाहत होते.

"गुरुजी, ठोके मधेच अडखळून राह्यले तुमचे. हृदय असं अडखळलं की तिथं रक्त साकळते. तीच गुठळी सुटते अन् मेंदूत जाते. मेंदू अन् हृदय हे दोन गावं नोहेत. एकाच नदीवर हायेत दोघं. बीपी इतकं वाढलेलं, वरून खर्रा, वरून खारट. तुमी बुधवारी वाचले, एवढंच." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "हृदयाचं चित्र तुमीच काढून दाखवत होते आमाले फळ्यावर. चार खडूनं, चार रंगात. हे सगळं माहीत असून तुमी तपासायले नाई आले?"

गुरुजींनी शर्टाचं बटण लावलं. चुकीचं लावलं, पुन्हा सोडलं.

"ते मी पुस्तकातल्या मानसासाठी शिकवत होतो," ते म्हणाले.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. चंपतरावांचं बोलणं सावकाश परत येतं आहे. उजवा हात अजून हट्टी आहे. विमलबाई रोज सकाळी भाकरीच्या पिठाचा गोळा त्यांच्या मुठीत देते आणि दाबायला लावते. मध्यंतरी महाराजांच्या चेल्यानं निरोप आणला होता की पथ्य मोडलं, वांगं खाल्लं, म्हणून वारं परतलं. विमलबाईनं त्याला दारातच उभं केलं. "वांगं नाई खाल्लं. तुमच्या सांगन्यावरून गोळी नाई खाल्ली. जाऊन सांग." मग पुढच्या रविवारी ती स्वतःच शेडावर गेली आणि येणाऱ्या प्रत्येक ऑटोपाशी उभी राहून एकच विचारत राहिली: "हात कवा पडला? आत्ता? मंग इकडं कायले, आदिलाबादले न्या." त्या दिवशी तीन ऑटो वळून गेले. महाराज म्हणे आता दुसऱ्या तालुक्यात बसतात. लोटा कुठंही मिळतो.

गुरुजी गोळ्या घेतात. चिडचिड करत घेतात. सकाळी बुद्धविहारापर्यंत चालत जातात आणि येतात. खर्रा सुटला, असं ते म्हणतात. प्रीती त्यांचे खिसे तपासते. ताटाच्या डाव्या कडेला चिमूटभर मीठ वाढायची घरची रीत तिनं बंद केली. जेवताना अजून त्यांची बोटं तिकडे जातात, रिकाम्या जागेवर टेकतात आणि परत येतात.

कप फुटल्याचा आवाज आला की प्रीती अजूनही हातातलं टाकून अंगणात धावते. शाळेची गाडी हॉर्न देत असली तरी आता साक्षी आधी आजोबांसमोर उभी राहते. "आजोबा, हसा." ते दात दाखवतात. "हात वर." ते शरणागती दिल्यासारखे दोन्ही हात वर करतात. "नाव सांगा." ते रोज वेगळंच नाव सांगतात, आणि ती रोज ओरडते. मग गाडीकडे पळते.

प्रीतीचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. लोटा कसा चिकटतो ते तुम्हाला आता माहीत झालं, ते ठीकच. पण तुमच्या घरात, शेजारात कोणीतरी असं नक्की असेल, ज्याचा हात एकदा पडला होता आणि 'मग आपोआप बरा झाला'. देवानं, लोट्यानं, नाहीतर चूळ भरून. त्याचं बीपी शेवटचं कधी पाहिलं होतं ते तुम्हाला आठवतं का? नसेल आठवत, तर ही गोष्ट बाजूला ठेवा. उठा, त्यांच्याकडे जा. समोर बसा आणि म्हणा, "जरा हसून दाखवा." आणि सरळ हसले, तरी त्यांना घेऊन दवाखान्यात जा. आजच जा.